अकरा दिवस निळा

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तयारीची सभा. कल्याणला वालधुनीच्या बाजूला, रेल्वेच्या चाळींमागे, पत्र्याच्या छपराचं आमचं प्रार्थनामंदिर होतं. शुक्रवारी तीस-पस्तीस माणसं जमायची. एक गीत, एक प्रार्थना, आणि मग पाळक भालेराव चष्मा काढून विचारायचे, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे का?" असेल तर उभं राहून सांगायचं. मग दोघांनी पुढे यायचं, बोलायचं, हातात हात द्यायचा. समेट झाला नाही तर रविवारी दोघांनीही मेजाजवळ जायचं नाही. भाकर आणि प्याला, दोन्ही दोघांनाही बंद.

बहुतेक महिन्यांत शांताबाई आणि एस्तेरबाई उभ्या राहायच्या. दोघींच्या चाळीत नळ एकच.

"हिने माझी कळशी सरकवली, पाळकसाहेब."

"सरकवली नाही, लाथ मारली. देवाच्या घरात उगाच कमी कशाला सांगू?"

लोक हसायचे, हात दिला जायचा, आणि सोमवारी नळावर पुन्हा तेच. हा नियम कोणाच्या जिवाला लागेल असं तोवर कोणाला वाटलं नव्हतं.

१९५२ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा उभी राहिले.

"माझ्या मनात गोपीनाथ वाघचौरे यांच्याविषयी आहे," मी म्हणाले.

या वेळी कोणी हसलं नाही. गोपीनाथकाका मंडळीचे पंच होते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी, पांढरा सदरा, खणखणीत आवाज. प्रभुभोजनाला प्याल्यांचं तबक तेच फिरवायचे. आमचे वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि माझा भाऊ सुधीर सहा वर्षांचा. आई शाळेत शिकवायला जायची तेव्हा सुधीरला सायकलच्या दांड्यावर बसवून काका पार्सल ऑफिसात घेऊन जायचे. मला कॉलेजात पाठवू नये असं अर्धी मंडळी म्हणत होती तेव्हा "पोरगी शिकेल" असं ठणकावून सांगणारेही तेच. हे सगळं मी धरूनच चालते. त्यातलं काही वगळलेलं नाही.

आधीच्या वर्षी जूनमध्ये सुधीरला मधुमेह असल्याचं कळलं. वय सतरा. चार महिन्यांत हाडं दिसायला लागली होती. इन्सुलिन सुरू झालं आणि तो आठवड्यात जेवायला लागला. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि जुलैत पुण्याच्या एका मिशन हॉस्पिटलात प्रयोगशाळेचं काम शिकायला नऊ महिने जाणार होते. जाण्याआधी मी त्याला सगळं शिकवलं. काचेची सिरिंज कशी उकळायची, बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत कशी ठेवायची, आणि रोज सकाळी लघवी कशी तपासायची. परीक्षानळीत पाच सीसी निळं द्रावण, आठ थेंब लघवी, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं, थंड होऊ द्यायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी. मग पिवळा, नारिंगी, आणि विटकरी म्हणजे धोका. रंग वहीत लिहायचा.

"आणि विटकरी आला तर, ताई?"

"त्याच दिवशी डॉक्टरांकडे. कोणी काहीही सांगो."

"तू सोडून कोण सांगणार? मला सगळे घाबरतात, मी रोज सुई टोचून घेतो म्हणून," असं म्हणून तो हसला होता.

ऑगस्टमध्ये त्याला इन्सुलिन कमी कमी लागायला लागलं. नऊ सप्टेंबरच्या रविवारी उपासनेनंतर गोपीनाथकाकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "तुझा विश्वास आहे ना? मग सुई कशाला?" सोमवारी सुधीरने इंजेक्शन घेतलं नाही. रंग निळा. मंगळवारी निळा. अकरा दिवस निळा. मंडळीत साक्ष दिली गेली. मंडळीच्या मासिकात छापायला मजकूर गेला. बाराव्या दिवशी रंग हिरवा आला आणि सुधीर वही घेऊन काकांकडे गेला. काका म्हणाले, "रोज उठून देवाची परीक्षा घेतोस आणि म्हणतोस बरं का होत नाही? तपासणं हाच संशय." त्यांनी द्रावणाची बाटली आणि परीक्षानळी स्वतःच्या घरी नेली. वहीत बावीस सप्टेंबरनंतर काही लिहिलेलं नाही.

तार आली तेव्हा मी पुण्याहून निघाले. घरात शिरले तर खोलीत पिकलेल्या फळांसारखा वास येत होता. आई म्हणाली, "अगं, फळं कुठली आणू, त्याच्या पोटात दोन दिवस पाणीसुद्धा ठरत नाहीये." तो वास त्याच्या श्वासाचा होता. श्वास खोल आणि घाईचा, धावून आलेल्या माणसासारखा. इन्सुलिनची बाटली वाळूत तशीच होती. मी ते दिलं, डॉक्टरांना बोलावलं, हॉस्पिटलात नेलं. आठ ऑक्टोबरला सकाळी तो गेला.

दफनाच्या वेळी गोपीनाथकाकांनी प्रार्थना चालवली. प्रार्थनेत ते म्हणाले, "प्रभो, या घरात ज्या कोणाचा विश्वास कमी पडला, त्याला क्षमा कर." त्यांचे डोळे मिटलेले होते, पण मान माझ्या बाजूला वळलेली होती. मंडळीतल्या सगळ्या माना वळल्या. त्या घरात सायन्स शिकलेली एकटी मीच होते.

त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणणं सोडलं.

तीन महिने मी काय करावं याचा विचार केला. भांडावं तर ते माझ्यापेक्षा चांगलं बोलत. पोलिसात जावं तर कोणता गुन्हा सांगणार? मग नाताळात पाळकांच्या तोंडून तो जुना नियम पुन्हा ऐकला आणि मला दिसलं की त्या माणसाला जगात जी एक गोष्ट सगळ्यांत प्रिय आहे, ती मी नुसतं उभं राहून बंद करू शकते. माझीही बंद होणार होती. तेवढी किंमत मला चालणार होती.

तर त्या जानेवारीच्या शुक्रवारी पाळकांनी आम्हाला दोघांना पुढे बोलावलं.

"पोरी, मी तुझं काय केलं?" गोपीनाथ वाघचौरे म्हणाले.

मी घडी केलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यावर चार वाक्यं होती. सुधीरला इन्सुलिन बंद करायला मी सांगितलं. त्याची तपासणी मी बंद केली. त्यामुळे तो मेला. त्याचा किंवा त्याच्या घरच्या कोणाचा विश्वास कमी पडला नव्हता.

"हे इथे उभं राहून वाचा. मी हात देईन."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "मी प्रार्थना केली. प्रार्थना केली म्हणून माफी मागू?"

"प्रार्थनेची नको. बाटली नेलीत त्याची."

"सुमती, देवाने नेलं गं त्याला."

"मग समेट नाही," मी म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

रविवारी प्याल्यांचं तबक दुसऱ्या पंचाने फिरवलं. त्याला सवय नव्हती, काचा एकमेकींवर वाजत होत्या. गोपीनाथ वाघचौरे हात मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला बरं वाटत होतं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. ते बरं वाटणं तहान भागल्यासारखं होतं, आणि तहानेसारखंच ते महिन्याने परत लागायचं.

फेब्रुवारीत मी उभी राहिले. मार्चमध्ये राहिले. एप्रिलमध्ये पाळकांनी नजर माझ्यावरून घाईने पुढे नेली, तरी मी उभी राहिले. एव्हाना मी पुण्याचं शिक्षण पुरं करून ठाण्याला एका डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत लागले होते. पुण्याला असतानाही मी प्रत्येक महिन्याच्या त्या शुक्रवारी रजा काढून येत होते. मंडळी आधी मला सांभाळून घेत होती, मग कंटाळली, मग चिडली. एस्तेरबाई मला दारात गाठून म्हणाल्या, "आमचं बघ, कळशीचं भांडण महिन्यात मिटतं. तुझं काय ते?"

"तुमची कळशी तुम्हाला परत मिळते, एस्तेरबाई."

पावसाळ्यानंतर पंचांची निवड झाली. जो मेजाजवळ येऊ शकत नाही त्याचं नाव यादीत घालता येत नाही, असं पाळकांना जाहीर करावं लागलं. गोपीनाथ वाघचौरे पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर गेले. त्यांचा आवाज गीतातून वेगळा ऐकू यायचा बंद झाला. त्यांचा सदरा गळ्याशी सैल दिसू लागला. हे सगळं मी पाहिलं, एक गोष्टही निसटू दिली नाही.

आई दर महिन्याला मेजाजवळ जायची. तिने त्यांना पहिल्याच महिन्यात क्षमा केली होती. घरी आल्यावर ती पदराने तोंड पुसत माझ्यासमोर बसायची.

"तू किती दिवस असं करणार?"

"ते चार वाक्यं म्हणेपर्यंत."

"म्हटल्याने सुधीर येणार आहे का?"

"नाही. पण माझ्याकडे वळलेल्या माना परत वळतील."

"मी पण हो म्हटलं होतं, सुमे," आई एकदा म्हणाली. "सुई बंद कर म्हणाले तेव्हा मी तिथेच होते. मग माझ्यावर का नाही तुझा राग?"

रागाला एकच जागा पुरेशी होती. तो वाटला असता तर पातळ झाला असता.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, शनिवारी दुपारी, मार्थाबाई आमच्याकडे आल्या. गोपीनाथ वाघचौरे यांची बायको. आई शाळेत होती. त्या आत आल्या, बसल्या नाहीत.

"सलाम," मी म्हणाले.

"सलाम कसला करतेस? माणूस वाळत चाललाय माझा. जेवत नाही. ऑफिसातून येतो आणि पवित्र शास्त्र उघडून बसतो, पान उलटत नाही."

"त्यांना काय करायचं ते माहीत आहे."

"आणि तुला माहीत आहे का माझ्याकडे काय आहे?" त्यांनी पिशवीतून एक पाकीट अर्धं बाहेर काढलं. पुण्याचा शिक्का, माझं अक्षर. "सुधीरने आणून दिलं होतं. वाचा काकू, ताईलासुद्धा पटलं, असं म्हणत नाचत आला होता पोरगा."

मी हात पुढे केला, तर त्यांनी पाकीट परत पिशवीत टाकलं.

ते पत्र मी सतरा सप्टेंबरला लिहिलं होतं. सुधीरचं पत्र आलं होतं: ताई, सुई बंद केली, सात दिवस निळा. हॉस्पिटलच्या एका जाड पुस्तकात मी ऑगस्टमध्येच वाचलं होतं की तरुण रोग्यांत सुरुवातीला हा रोग काही आठवडे दबून राहतो, साखर दिसेनाशी होते, आणि मग परत येतो, तेव्हा इन्सुलिन सोडू नये. त्या पानात मी कागदाची खूणसुद्धा घातली होती. सुधीरचं पत्र हातात होतं, पुस्तक समोरच्या फळीवर होतं. मी ते उघडलं नाही. उघडलं असतं तर निळ्याचं कारण कळलं असतं, आणि मला कारण नको होतं. मी प्रयोगशाळेतच गुडघे टेकले. मग लिहिलं की देवाचे आभार मान, सुई बंद केलीस ते बरंच केलंस.

"हे वाचून दाखवलं असतं तर तू एक दिवस तरी उभी राहू शकली असतीस का?" मार्थाबाई म्हणाल्या. "मी केव्हाच दाखवणार होते. हे दाखवू देत नाहीत. म्हणतात, पोरीचं पत्र आहे, तिचं ती जाणे, बाहेर काढायचं नाही. मला शपथ घातलीय."

"मग तुम्ही का आलात?"

"तुला कळावं म्हणून. नियमाची एवढी पक्की ना तू? तुला कळावं की तू ज्याला दर महिन्याला मारतेस, तो तुला झाकतोय."

त्या गेल्या. मी बराच वेळ स्टोव्हसमोर बसून राहिले, पेटवला नाही. मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती वेगळीच गोष्ट. ज्या माणसाचं मी सगळं काढून घेतलं असं समजत होते, त्याच्या मुठीत पहिल्या दिवसापासून मी होते, आणि तो मूठ उघडत नव्हता. माझा राग दुप्पट झाला. मार्चच्या सभेत मी नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात त्यांचं नाव घेतलं.

त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, एप्रिलच्या पहिल्याच रविवारी होता. त्यामुळे तयारीची सभा उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेलाच, आली. दुपारची तीन तासांची उपासना झाली होती, लोक उपाशी होते, पत्रा तापलेला होता. पाळकांनी चष्मा काढून विचारलं. मी उभी राहिले. पण या वेळी मागच्या बाकावरून गोपीनाथ वाघचौरे आधीच चालत पुढे येत होते. त्यांच्या हातात माझा पंधरा महिन्यांपूर्वीचा कागद होता, घड्यांवर फाटलेला.

त्यांनी तो वाचला नाही. पाठ होता.

"सुधीरला इन्सुलिन बंद करायला मी सांगितलं," ते म्हणाले. "त्याची तपासणी मी बंद केली. त्यामुळे तो मेला." इथे त्यांनी फाटका कागद घडी करून खिशात ठेवला. "त्याचा किंवा त्याच्या घरच्या कोणाचा विश्वास कमी पडला नव्हता."

बायका रडायला लागल्या. आईने तोंडाला पदर लावला. माना माझ्याकडे वळल्या, आणि या वेळी त्या मला हव्या होत्या तशा वळल्या होत्या. पाळक म्हणाले, "सुमतीबाई, तुम्ही सांगितलं ते सगळं झालं. आता तुमच्या मनात काही आहे का?"

मी माझ्या आत पाहिलं. हे मी प्रामाणिकपणे केलं, जसं मोजनळीच्या काचेवरची रेघ पाहतात तसं. तिथे जे होतं ते त्या पहिल्या जानेवारीत होतं तेवढंच होतं. एक कणही कमी झालं नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.

सगळीकडून एकदम आवाज उठला. "अगं बाई!" शांताबाई ओरडल्या. मार्थाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं.

"आता मी वाचते. शपथ गेली खड्ड्यात."

"मार्था, खाली बस," गोपीनाथ वाघचौरे म्हणाले.

"नाही बसत."

"मी सांगतोय, बस. तेवढं तरी माझं राहू दे."

ते शेवटचं ऐकलं आणि मला सगळं स्पष्ट दिसलं. सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं, आता पाळक त्यांना अडवणार नव्हते; रविवारी ते मेजाजवळ जाणार. मी मागे राहणार. आणि पुढे जन्मभर, मंदिरात शिरताना, गीत गाताना, बाजारात त्यांना टाळताना, मला ठाऊक असणार की त्यांनी मला वाचवलं. सुधीरचे प्राण घेऊन त्यांनी माझी अब्रू ठेवली. त्यांची दया मला नको होती.

मी मार्थाबाईंच्या बाकापाशी गेले आणि त्यांच्या हातातून पाकीट घेतलं. त्यांनी सोडलं, बहुतेक आश्चर्याने. मी पत्र उघडलं, तारीख वाचली, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्याने वाचलं. प्रयोगशाळेत गुडघे टेकल्याचं वाचलं. सुई बंद केलीस ते बरंच केलंस, हे वाचलं. मग पत्रात नसलेलं सांगितलं, पुस्तकाचं, आणि पानात घातलेल्या खुणेचं.

"हे यांनी दडवून ठेवलं होतं," मी म्हणाले. "आता दडवायला काही उरलेलं नाही."

आई उठून बाहेर गेली. तिच्या चपला दारात वाजल्या तेवढं ऐकू आलं.

मी गोपीनाथ वाघचौरे यांच्याकडे पाहिलं. चार वाक्यं म्हणताना ते वाकले होते, पण उभे होते. आता त्यांनी बाकाची पाठ धरली. पंधरा महिने पंचपद, तबक, मेज, सगळं जाऊनसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर जे कधी दिसलं नव्हतं ते मला आता दिसलं. कोणीतरी त्यांच्या घरात शिरून शेवटचं भांडं नेलं होतं.

पाळकांनी चष्मा घातला, काढला. मग नियमाला धरून, त्यांनी उलट बाजूने विचारलं, "गोपीनाथराव, तुमच्या मनात सुमतीबाईंविषयी काही आहे का?"

"इतके दिवस नव्हतं," ते म्हणाले. "देवाला साक्ष ठेवून सांगतो, नव्हतं. माझ्या हातून एक पोर गेलं. त्यानंतर माझ्या हातून एकच बरी गोष्ट झाली होती. ती हिने घेतली." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता आहे."

रविवारी मंदिर फुलांनी भरलं होतं. प्याल्यांचं तबक फिरलं. आईने डोळे मिटून घेतलं. ते तबक माझ्या बाकाला वळसा घालून पुढे गेलं, आणि मागे त्यांच्याही.

मे महिन्यातल्या तयारीच्या सभेला पाळकांनी चष्मा काढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी उठायच्या आत गोपीनाथकाका उभे राहिले होते.